अमावास्येचा खड्डा

सांडूनं खड्ड्यातून उपसलेला तांब्याचा पत्रा मल्हारीच्या पायावर फेकला. पत्र्याला कोळशाची भुकटी अन् ओलं मीठ चिकटलेलं होतं.

"बघा रे, बघा याची करणी!" सांडू अख्ख्या हसनाबादला ऐकू जाईल असा ओरडला. "अमावास्येला माझ्या गोठ्यालगत मीठ-कोळसा पुरला यानं. आठव्या दिवशी माझी म्हैस गाभडली. सख्खा भाऊ, अन् भानामती करून राह्यला!"

"दादा, आरं अर्थिंग हाय ते! मशिनीतला करंट फुटला तर हे मीठ-कोळसा त्याला जमिनीत ओढून नेतं. माणूस वाचतो."

"करंट मीठ खातो का रे, भाड्या?"

कुंपणापलीकडून सांडूची बायको कडूबाई बोटं मोडत होती. मल्हारीचं चुकलं म्हणाल तर एवढंच. अमावास्येला गावात कुणी नवं काम काढत नाही, म्हणून बद्रीनाथ वायरमन त्या दिवशी मोकळा होता, अन् यानं तोच दिवस धरला. पोरगा जालन्यात राहून चार वर्षं मशिनी शिकला, पण अमावास्येला जमिनीत मीठ पुरलं की गाव काय समजतं, एवढं साधं विसरला! वर अर्थिंग ओलं राहावं म्हणून रोज सकाळी त्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायचा. मंग लोकांनी काय समजायचं?

सांडूनं कुऱ्हाड उचलली अन् खड्ड्यातून घरात गेलेली जाड वायर एका घावात तोडली. मल्हारी आडवा आला. दांडा कपाळावर बसला, कातडं फाटलं अन् रक्त डोळ्यात उतरलं. पुसेपर्यंत सांडू घरात घुसला होता.

मागची खोली मल्हारीनं वर्षभर खपून उभी केली होती. ऊन येऊ नये म्हणून खिडकी विटांनी बुजवली, थंडाव्याला कूलर बसवला. छताला भिडेल एवढ्या लोखंडी मांडणीवर केबलची यंत्रं, एक कॉम्प्युटर अन् तारांचं जंजाळ. इथून दीडशे घरांत टीव्ही दिसायचा. इथलं बटण दाबलं की अर्ध्या कोसावरच्या विहिरीची मोटर सुरू व्हायची. बघायला लोक जाफराबादहून आल्ते. सांडूही एकदा आल्ता, अन् लेकराच्या कौतुकानं धाकट्याच्या पाठीवर थाप मारून गेल्ता.

आज त्यानं पहिल्या घावात कॉम्प्युटरची काच फोडली. दुसऱ्या घावात दोन यंत्रं खाली आली.

"फोड! सगळं फोड!" मल्हारी दारातून ओरडला. "पण लोखंडाला हात लावू नको! जुना स्टॅबिलायझर हाय तिथं, करंट मांडणीत उतरतो. वायर तोडलीस तू!"

"लाईट हाय का गावात? मला भ्या दाखवतो!"

लाईट नव्हती खरी. पण ती दोनला यायची, अन् भिंतीवरच्या घड्याळात दोनला मिनिट उरलं होतं. मेन स्विच मल्हारीनं शहाणपणानं मांडणीच्या मागं बसवला होता, कुणाचा हात लागू नये म्हणून. तो पुढं झाला तशी सांडूनं छातीत लाथ घातली. मल्हारी चौकटीवर आदळला. कूलरच्या पाण्यानं फरशी ओली होती. अनवाणी सांडूनं कुऱ्हाड टाकली, मांडणी उलथायला दोन्ही हातांनी लोखंड धरलं अन् जोर लावला.

वरचा पंखा फिरायला लागला.

सांडू ओरडलाही न्हाई. दात कडकड वाजायला लागले, मान मागं ताणली गेली, अन् हात काही सुटेनात. देवा, गेला माझा भाऊ! मल्हारीच्या मनात दुसरं काहीच आलं नाही. त्यानं कुऱ्हाड उलटी धरली अन् सुका दांडा सगळ्या ताकदीनं भावाच्या मनगटांवर हाणला. एकदा. दोनदा. हाड मोडल्याचा आवाज आला. तिसऱ्या घावाला सांडू सुटला अन् फरशीवर पडला.

दारात तेवढ्यात कडूबाई पोचली होती. तिनं एवढंच पाहिलं, की नवरा खाली अन् दिराच्या हातात कुऱ्हाड.

"मारला गं बाई! भावानं भाऊ मारला!"

माणसं आत घुसली. कुणी मल्हारीच्या पाठीत काठी घातली, कुणी पोटात गुडघा. तो खाली पडला, तरी ओरडत राहिला, "मला मंग मारा! करंट लागलाय त्याला, जल्दी जीप आणा!"

म्हाताऱ्या अप्पारावनं सांडूचे तळवे उलटे करून पाहिले. लोखंडाच्या कडेचा काळा चटका दोन्हीकडं आडवा उमटला होता. श्वास चालू होता, पण तुटत तुटत.

"सोडा त्याला," अप्पाराव म्हणाला. "करंटच हाय. जीप येईस्तोवर याला मातीत पुरा. माती करंट ओढून घेती."

मातीनं काही होत नसतं, हे मल्हारीनं दोनदा सांगितलं. पण त्याचं आज कोण ऐकणार? जीप अजून स्टँडवरून निघायची होती, अन् खड्डा आयता उकरलेला होता.

चौघांनी सांडूला उचललं अन् त्याच खड्ड्यात उभं केलं. छातीपर्यंत माती लोटली. सांडूची मान एका बाजूला कलली, ओठ निळे पडले. कडूबाईनं मातीत गुडघे टेकले अन् उपसलेला कोळसा, ओलं मीठ, दोन्ही हातांच्या ओंजळी भरभरून नवऱ्याच्या भोवती लोटायला लागली. लोटता लोटता ढीग संपला.

तिनं मान वर केली. समोर कपाळ फुटलेला, कण्हत कण्हत उठलेला दीर उभा होता.

"भावजी," ती रडत म्हणाली, "मीठ हाय का अजून घरात?"