साठावे नाव

सारी आलमची लेक रापिया, रापियाची लेक जावानिस, आणि जावानिसची लेक अस्नीमार. मिनांगकाबाऊंच्या मुलखात कूळ असेच आईकडून लेकीकडे उतरत येते. एकाहत्तर वर्षांची अस्नीमार बुकितिंग्गीच्या एका जुन्या रुग्णालयात डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत ताठ बसली होती. तिच्या पित्ताशयात खडे होते, आणि मांडीवर वेताची पिशवी.

डॉ. हेंद्रिझाल यांच्या चाचणीला साठ रुग्ण हवे होते. पोटात दुर्बीण घालून पित्ताशय काढायचे. चार छिद्रांतून की बेंबीतल्या एकाच छिद्रातून, ते चिठ्ठी ठरवणार. एकोणसाठ जणांच्या सह्या झाल्या होत्या. साठावे नाव अस्नीमारचे, आणि नोंदणी दुपारी तीन वाजता बंद होणार होती. मुदत एकदा वाढवून मिळाली होती. पुन्हा मिळणार नव्हती. एक सही कमी पडली, तर डॉक्टरांची दोन वर्षे पाण्यात.

चाचण्यांची सरकारी यादी नात रेस्तीने फोनवर शोधून काढली होती. तिचे म्हणणे, पाडांगची चाचणी घराजवळ आहे. अस्नीमारने मात्र यादीतले डॉ. हेंद्रिझाल यांचे नाव तिच्याकडून दोनदा वाचून घेतले होते, आणि तिला सोबत घेऊन ती पहाटेच्या बसने इकडे निघाली होती.

"इथं सही करा, आजी. बाहेर रांग लागलीय," डॉक्टर म्हणाले.

"आधी वाच."

"सिस्टर वाचून दाखवतील ना."

"सिस्टर कापणार आहे का मला? तू वाच. आणि दार उघडंच राहू दे."

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. डॉक्टर वाचू लागले. बाकांवरच्या बायकांची कुजबुज हळूहळू थांबली. नवव्या पानावर अस्नीमारने बोट वर केले.

"हे पुन्हा वाच. मोठ्यानं."

"रुग्णास कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, चाचणीतून बाहेर पडता येईल."

"छान लिहिलंय," ती म्हणाली, आणि पिशवीतून तिने एक पिवळा पडलेला कागद काढून टेबलावर उलगडला. तळाशी याच रुग्णालयाचा जुना शिक्का होता, आणि शेजारी एका बाईचा अंगठा. बाकी कागद कोरा.

"हा माझ्या आईचा. तुझा मामा तेव्हा इथला मोठा डॉक्टर. त्याला एक नवी शस्त्रक्रिया करून बघायची होती. आईला एवढंच ठाऊक, की पोट दुखतंय आणि डॉक्टर बरं करणार आहेत. तिसऱ्या दिवशी ती गेली. माझी आजी जाब विचारायला आली, तर तुझा मामा म्हणाला, बाईनं अंगठा दिलाय, कागद बघा. आजीनं कागद बघितला आणि उचलून घरी नेला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. सिस्टर सुलास्त्री पुढे झाली. "अहो आजी, मोठ्या डॉक्टरांची मुलं जकार्तात आहेत. त्यांना विचारा. यांचा काय संबंध?"

बाहेर एक बाई खुदकन हसली. "जावाहून आलीय बिचारी. तिला काय कळणार!"

"मुलं त्यांच्या आईच्या कुळातली," अस्नीमार म्हणाली. "त्यांच्याशी माझं भांडण नाही. मामाचा 'दातुक' हा कुळप्रमुखाचा किताब कोणी घेतला? म्हैस कापून, गावजेवण घालून, डोक्याला पागोटं कोणी बांधलं? मान भाच्याला, तर पापही भाच्यालाच. चुकत असेन तर सांग, दातुक. नसेन तर ही कोरी जागा भर."

डॉक्टरांनी तो कागद जवळ ओढला. दाराशी आता बायका उभ्या होत्या. त्यांतल्या दोघी डॉक्टरांच्याच गावच्या.

"काय लिहू?" त्यांनी विचारले.

"झालं ते."

त्यांनी कोऱ्या जागेत लिहिले: 'जावानिसला कोणीही काही विचारले नव्हते. दोष आमच्या कुळाचा.' लिहून झाल्यावर सहीसाठी पेन टेकवले.

"सही नको. अंगठा."

तिने पिशवीतून एक बुटकी बाटली काढली. गेल्या निवडणुकीत अस्नीमार गावच्या मतदान केंद्रावर कामाला बसली होती. मतदारांची बोटे बुडवायची निळी शाई थोडी उरली होती. डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे पाहिले, एकदा दाराकडे, आणि अंगठा बाटलीत बुडवला. जावानिसच्या अंगठ्याशेजारी त्यांचा अंगठा उमटला. अस्नीमारने कागदावर फुंकर घातली, शाई वाळू दिली आणि कागद जुन्याच घड्यांवर मिटला.

तीनला चार मिनिटे होती. डॉक्टरांनी फॉर्म तिच्याकडे सरकवला.

"आता तुमची सही, आजी."

"माझं नाव काढ."

"पण का? तुम्ही म्हणालात ते सगळं केलं मी!"

"कारण न सांगता," अस्नीमार उठत म्हणाली. "नववं पान. दोनदा वाचलंस तू."

बायकांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. रेस्तीने तिचा हात धरला. "आणि तुझे खडे गं?"

"सोमवारी पाडांगला जाऊ. तिथली डॉक्टरीण न सांगता वाचून दाखवते म्हणे."

त्या जिन्यापर्यंत पोहोचल्या, तोच मागे नळ सुटल्याचा आवाज आला. पाणी वाहतच राहिले. कोणीतरी हात चोळचोळून धूत होते. रेस्ती क्षणभर थांबून ऐकत राहिली.

"आजी, ती शाई किती दिवस राहते गं?"

"तीन दिवस. आईला मिळाले तेवढेच," अस्नीमार म्हणाली, आणि कठड्याचा आधार न घेता पहिली पायरी उतरली. "फिटलं."