लांब लंबक

आधीच सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझे उरलेसुरले दातही पडोत.

घड्याळजीची लेक परीक्षेहून आली ती चपला न काढताच मागच्या खोलीत गेली आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहिली. मनगट वर धरलं. एकदा मनगटाकडे बघे, एकदा भिंतीकडे.

कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला ती दुसऱ्यांदा बसली होती. पहिल्या खेपेला सगळं येत होतं, पण हात सावकाश. शेवटचे प्रश्न कोरे राहिले आणि मार्क गेले. तिसऱ्यांदा बसू देत नाहीत. म्हणून ठरलं, रोज एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवायचा. आणि वेळ सांभाळायला बापाहून चांगला माणूस कुठला? गावातल्या झाडून साऱ्या घड्याळांचे कान त्यानं पिळलेले. त्याची वेळ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पोरगी पेपरला बसली की तो स्वतः येऊन काटे जुळवायचा, आणि मग पुढं दुकानात जायचा.

सुरुवातीला घरीही तेच रडगाणं. वेळ संपायची, पेपर उरायचा, पोरगी टेबलावर डोकं टेकून मुसमुसायची. मग हळूहळू पेपर पुरे व्हायला लागले. मार्क चढले. पोरीच्या अंगावर मूठभर मांस आलं. आणि अभ्यास तरी केवढा, खिडकीतल्या मैनेला सूत्रं पाठ झाली. ‘लंबक लांब, तर झोका सावकाश,’ असं ती आपल्या पिल्लांना शिकवायची, आणि चुकलं तर टोचायची. मांजरानं उंदरांचा नाद सोडला, टेबलाखाली बसून ऐकायचं. हसू नका. डोळ्यांनी बघितलंय मी.

परीक्षेच्या सकाळी बापानं तिचं मनगटी घड्याळ परत दिलं. दुरुस्तीच्या नावाखाली इतके दिवस त्याच्याकडेच पडून होतं. हॉलमध्ये ती अगदी निवांत लिहीत होती, घरी लिहायची तशी. घंटा झाली तेव्हा पेपराचा केवढा तरी भाग कोरा होता. तिला वाटलं, हॉलचं घड्याळ पुढं आहे. तिनं मनगट बघितलं. दोन्ही सारखीच.

आता घरी, मागच्या खोलीत, मनगटावरचा काटा पुढं सरकत होता आणि भिंतीवरचा मागं रेंगाळत होता. तिनं खाली लंबकाकडे पाहिलं. मूळच्याहून चांगला वीतभर लांब. पेटीच्या तळाला टेकायचाच बाकी. खिडकीत मैना बोलली, ‘लंबक लांब, तर झोका सावकाश.’

दारात बाप उभा होता. तिनं मागं न बघताच विचारलं, “कधी बदललात?”

“तू रडायचीस ना गं,” तो म्हणाला. “बघवायचं नाही मला. म्हटलं, जरा धीर येऊ दे, मग मूळचा बसवतो. आणि मग तू हसायला लागलीस.”

तिनं मनगटी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

“साऱ्या गावाला खरी वेळ दिलीत, बाबा. खोटी तेवढी मला.”

दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ती आत्याच्या गावाला निघाली. बाप दुकानात डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून बसलेला. हातात काम नव्हतं, वर बघायचा धीर नव्हता. कोपऱ्यावर पोरगी थांबली, मागं वळली, आणि तिनं हात हलवला. तेवढ्यावर तो अजून दिवस काढतोय. मी दुकानावरून गेले की हाक मारून विचारतो, आजी, वळली होती ना? मी म्हणते, वळली होती रे.

मैना खरी. मांजरही खरं. ते कोपऱ्यावर वळणं मात्र माझ्या पदरचं. त्याला सांगू नका.