सतरा कार्डं

“सतरा,” राजाराम म्हणाला आणि त्यानं पेन्सिल टेबलावर टाकली. “काल बी सतरा, आज बी सतरा. हंबीरराव, आता तरी ऐका की.”

हंबीरराव साताऱ्याच्या कॉम्प्युटर खोलीचे प्रमुख. पलटणीत बारा वर्षं काढून आलेला माणूस. ऐकतोय कसला! मिशीवरून हात फिरवत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

साखर कारखान्याचा ऊसतोडीच्या पाळ्या लावायचा प्रोग्राम साताऱ्याला एका मशीनवर चालायचा आणि सांगलीला दुसऱ्यावर. प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या साडेअकराशे कार्डांचा गठ्ठा. दोन्हीकडं तो एकच असायला हवा होता. पण इकडं कुणाला काही सुचलं की इकडची कार्डं बदलायची, तिकडं सुचलं की तिकडची, आणि एकमेकांना कळवायचं म्हणजे जणू नाकच कापलं जायचं. मग हद्दीवरच्या एकाच फडाला दोन तारखा निघायच्या. साताऱ्याच्या कागदावर गुरुवार, सांगलीच्या कागदावर शनिवार. तोडणीच्या टोळ्या कोयते घेऊन उन्हात बसून राहायच्या, आणि शिव्या खायच्या त्या राजारामानं.

दोन्हीकडची कार्डं एकसारखी ठेवायचं काम त्याच्याकडं होतं, आणि त्यासाठी सहा वर्षं तो या दोन गावांत एस.टी.नं हेलपाटे घालत होता. दोन्हीकडं वर्ग घ्यायचा, फळ्यावर तेच लिहायचा. बदलाची नोंद करा, दुसऱ्या बाजूला आधी सांगा, जुनं कार्ड फाडून टाका. लोक वहीत उतरवून घ्यायचे आणि वही मिटली की विसरायचे. साडेतीनशे फरक होते, ते नाकदुऱ्या काढून काढून त्यानं सतरावर आणले. या सतरांवर मात्र दोन्ही प्रमुख अडून बसले होते.

घरी आटपाडीला बायको चंद्राबाई एकटी. आईला अर्धांगवायू झालेला, कूस बदलायलाही माणूस लागायचं. तिकडच्या बदलीचा कागद शिरवळच्या मुख्य कचेरीत साहेबांच्या, म्हणजे नानासोंच्या टेबलावर तयार होता. नानासोंनी स्वच्छ सांगितलं होतं, “एकतीस मार्चला साताऱ्यात येतो. दोन्हीकडच्या कार्डांच्या छापील याद्या माझ्यापुढं लावा. एका कार्डाचा फरक नसला तर तिथंच सही. असला तर पुढची दोन वर्षं बदलीचं नाव काढू नका. अर्धं काम टाकून मी कुणाला सोडत नाही.”

एकोणऐंशी सालचा तो एकोणतीस मार्च होता. गुरुवार.

“आवं, कुठलीबी सतरा चालतील,” राजाराम म्हणाला. “पण दोनीकडं तीच पायजेत. या खेपेला तुमी सांगलीची घ्या. माझ्या आईकडं बघून घ्या.”

“सांगलीची? त्या बाईची?” हंबीरराव खुर्चीत ताठ झाले. “न्हाई जमायचं, मास्तर. बदलायचं तर तिनं बदलावं.”

राजारामानं हात टेकले. सांगलीची छापील यादी तशीच त्यांच्या टेबलावर राहू दिली, साताऱ्याची तेवढी पिशवीत घातली आणि स्टँड गाठला.

शुक्रवारी सांगलीत आक्काताईंनी चहा दिला आणि मग तोंड फिरवलं. कार्डांना भोकं पाडायच्या कामावर लागून बाई प्रमुखपदापर्यंत चढल्या होत्या. एकेक कार्ड त्यांच्या हातचं होतं.

“आमच्या कार्डांत खोट काय हाय ते दावा, मास्तर. मग बदलते.”

“खोट काय न्हाई.”

“मग?”

राजाराम वाद घालून घालून थकला होता. त्यानं खिशातून चंद्राबाईचं पत्र काढलं आणि पुढं सरकवलं. ‘सासूबाई आता तुमचं नाव घेत नाहीत. नुसत्या दाराकडं बघतात.’ एवढंच होतं.

आक्काताईंनी ते दोनदा वाचलं. मग पदर खोचला आणि स्वतः मशीनवर बसल्या. साताऱ्याच्या यादीवरून सतरा नवी कार्डं पाडली, गठ्ठ्यात घातली, रजिस्टरात नोंद केली आणि आपली जुनी सतरा टराटरा फाडून टोपलीत टाकली. फाडताना राजारामाकडं बघितलंसुद्धा नाही. त्याचे डोळे भरून आले. बाईंनी नवी यादी छापून त्याच्या हातात दिली.

“साताऱ्याला टरंकाल लावू का? तुमचाच नेम हाय, दुसऱ्या बाजूला सांगायचं.”

“नको. तुमी नमलासा कळलं की ते गावभर मिरवतील. मीच सांगतो उद्या.”

खरं म्हणजे ट्रंककॉल लागेपर्यंत दोन-तीन तास बाकावर बसायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. एकदाचं सुटलो, एवढंच त्याला कळत होतं.

शनिवारच्या गाडीत तो बसल्या बसल्या झोपला. कंडक्टरनं हलवून साताऱ्याला उतरवलं. आटपाडीची गाडी दुपारी दोनला होती. जाताना आईसाठी मऊ चादर घ्यावी, असं त्याच्या मनात आलं.

नानासो आधीच येऊन बसले होते. बदलीचा कागद समोर, पेनाचं टोपण काढलेलं. राजारामानं सांगलीची नवी यादी त्यांच्यापुढं ठेवली. हंबीररावांनी साताऱ्याची, सकाळीच छापलेली, शेजारी ठेवली. नानासोंनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं.

हंबीरराव राजारामाजवळ सरकून उभे राहिले. त्यांचा आवाज इतका हळू त्यानं कधी ऐकला नव्हता.

“मास्तर, परवा तुमी गेलासा आन मला जेवान गोड लागंना. आईचा शबूद लय लागला गड्या. मग काल बसलो, तुमी ठेवल्याली यादी घेतली, आमची सतरा कार्डं फाडून टाकली आन समदी सांगलीची घातली.”