शर्यत दारावरून

सायकल शर्यतीचा दिवस शहराच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल, असं नगराध्यक्षांनी जाहीर केलं. तोवर सगळ्या दुकानांची शटरं एकाच पिवळ्या रंगात रंगवून झाली होती आणि लोक औषधं मागायला चपलांच्या दुकानात शिरत होते.

रस्ता रुंद करताना पालिकेच्या इंजिनियरने शिवणकामवाल्या काकूंच्या दुकानाच्या तीन पायऱ्या पाडल्या. "शर्यत तुमच्या दारावरूनच जाणार, काकू," असा शब्द दिला होता त्याने. "मग पाड बाबा, मी स्टुलावरून चढेन," काकू म्हणाल्या होत्या.

शर्यतीच्या सकाळीच मार्ग बदलला आणि बायपासवर गेला. दुकानदारांना कळवायचं काम इंजिनियरच्याच गळ्यात पडलं. त्याने बाकी सगळ्यांना कळवलं, सगळे तिकडे पळाले. काकू मात्र हातात कागदी झेंडा घेऊन दारात खुर्ची टाकून बसलेल्या. त्यांना सांगायला काही त्याची जीभ रेटेना.

शेवटी त्याने घरी जाऊन मुलीची सायकल काढली, हेल्मेट आणि काळा गॉगल चढवला आणि पोट आत ओढून काकूंच्या दारावरून सुसाट निघून गेला. काकूंनी झेंडा हलवला, टाळ्या वाजवल्या. कोपरा वळल्यावर त्याच्या जिवाला जरा बरं वाटलं.

संध्याकाळी तो तिकडून चालत निघाला, तर काकू खुर्चीतच.

"हे काय काकू, अजून बाहेरच?"



"पहिला सकाळीच गेला रे. बाकीचे अजून यायचेत."