रोल नंबर एकतीस

२०२३च्या सप्टेंबरात, दौंडच्या रेल्वे कॉलनीमागच्या छोट्या लुथरन चर्चमध्ये, अनिता तिसऱ्या बाकावर चडफडत बसली होती.

समोर विक्रमशेठ बोलत होते. ते शिरूरच्या कॉलेजचे विश्वस्त. सभा रत्नम सरांच्या आठवणींची होती. सर जाऊन महिना झाला होता. त्यांचे वडील गुंटूरकडून रेल्वेत आलेले, पण सर जन्मले-वाढले दौंडलाच. चौतीस वर्षं त्यांनी शिरूरला जीवशास्त्र शिकवलं. रोज एसटीनं जायचे, एसटीनं यायचे. विक्रमशेठ त्यांना दुसऱ्यांदा ‘फिजिक्सचे सर’ म्हणाले.

‘बायोलॉजी, बायोलॉजी,’ मागून कुणीतरी पुटपुटलं.

‘तेच ते. सायन्सच की,’ विक्रमशेठ म्हणाले.

त्यांनी भलामोठा हार आणला होता. घालायला तसबीर नव्हती; इथं तशी पद्धत नव्हती. तो हार अनिताशेजारी बाकावर जागा अडवून पडला होता.

पण अनिताचा खरा राग विक्रमशेठवर नव्हता. सरांवर होता.

सर वर्गात कुणालाच नावानं हाक मारत नसत. ‘हं, एकतीस नंबर, बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?’ तीन. त्यांच्यामुळंच ती शिक्षिका झाली. शिक्रापूरच्या शाळेत ती पस्तीस वर्षं विज्ञान शिकवत होती. दर जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात ती वर्गातल्या प्रत्येक पोराचं नाव पाठ करायची. मुद्दाम करायची. आठ वर्षांपूर्वी सर तिला दौंडच्या स्टँडवर भेटले. तिनं वाकून नमस्कार केला. सर हसले. ‘काय एकतीस नंबर, बरी आहेस ना?’ तिचे केस पांढरे झाले होते, तरी नंबरच. त्या दिवशी एसटीत खिडकीकडं तोंड करून ती रडली होती.

आता तिला पाच मिनिटं बोलायचं होतं. पर्समधल्या कागदावर लिहिलं होतं, ‘सरांचं आम्हा विद्यार्थ्यांवर जिवापाड प्रेम होतं.’ ज्या माणसाला आपलं नावसुद्धा माहीत नव्हतं, त्याच्याविषयी असं कोणत्या तोंडानं बोलायचं? सरांनी एकदा तरी आपलं नाव घेतलं होतं, एवढंच कुणीतरी सांगितलं असतं, तर तिला तो कागद वाचता आला असता.

पुढच्या बाकावर सरांची धाकटी बहीण बसली होती. रेल्वे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांना सगळं दौंड मार्था आत्या म्हणायचं. अनितानं वाकून हळूच विचारलं, ‘आत्या, सर घरी कधी माझं नाव घ्यायचे का? अनिता. अनिता ढेरंगे.’

आत्यांनी आठवून पाहिलं. ‘नाही गं बाई. असं नाव नाही ऐकलं कधी.’

झालं. अनितानं कागद मुठीत चुरगाळला. मग रागानंच म्हणाली, ‘चौऱ्याऐंशीची बारावी. रोल नंबर एकतीस.’

आत्या अख्ख्या वळल्या. त्यांच्या शेजारचे मोझेस मामा, म्हातारे निवृत्त गार्ड, तेही वळले.

‘एकतीस नंबर?’ मामा मोठ्यानं म्हणाले. ‘बापानं ऐन परीक्षेत लग्न धरलं होतं, हॉलतिकीट ट्रंकेत घालून ठेवलं होतं, ती?’

विक्रमशेठ बोलायचे थांबले.

‘सहा रविवार प्रार्थना केली आम्ही तुझ्यासाठी,’ आत्या म्हणाल्या. ‘दादा उभा राहायचा आणि नंबर सांगायचा. आमची मंडळी सगळी रेल्वेतली. आज इथं बोललेलं उद्या पुण्याला पोचायचं. कुणा पोरीच्या घरातलं बाहेर पडू नये म्हणून नाव नाही. वर्गातही तो त्यासाठीच नंबर म्हणायचा. जिभेला सवय पाहिजे, नाहीतर एखाद्या दिवशी नाव निसटेल, म्हणायचा. बसलीस का मग परीक्षेला?’

‘बसले.’

‘बघा!’ मामा म्हणाले. ‘आणि हा आम्हाला शेवटपर्यंत सांगेना. निकाल विचारला की म्हणे, तुम्ही प्रार्थना करा, मार्क माझे मी बघतो.’

‘सातव्या रविवारी तर तो चर्चला आलाच नाही,’ आत्या म्हणाल्या. ‘जन्मात तेवढा एकच रविवार चुकला त्याचा. विचारलं तर म्हणाला, आता नुसत्या प्रार्थनेनं भागायचं नाही.’

बाकावरची माणसं हसली, कुणी डोळे पुसले. अनिताला मात्र हसता आलं नाही. म्हणजे खरंच त्यांनी नाव घेतलं नव्हतं. एकदाही नाही. पाळकांनी बोलावलं तेव्हा ती पुढं गेली, ‘मी एकतीस नंबर’ एवढंच म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.

मोझेस मामा त्याच नाताळात गेले. मार्था आत्या सोलापूरला भाचीकडं राहतात. विक्रमशेठ आता कॉलेजचे अध्यक्ष आहेत. प्रयोगशाळेला सरांचं नाव द्यायचा ठराव अजून फायलीत आहे. अनिता पुढच्या मे महिन्यात निवृत्त झाली. तिचे वडील ज्ञानदेव त्याआधीच, २००६ साली वारले होते. लग्न परीक्षेनंतर का ढकललं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

चुलती जाईबाई अजून कोरेगाव भीमाला आहे. निवृत्तीनंतरच्या दिवाळीत अनितानं तिला विचारलं, बारावीच्या वर्षी एका रविवारी आपल्या मळ्यात कुणी आलं होतं का.

‘त्यो चष्म्यावाला मास्तर व्हय?’ जाईबाई म्हणाली. ‘आला की. बांधावरनंच हाळी दिली, अनिताचं घर ह्येच का म्हणून. दुपारपतोर तुझ्या बापासंगं झेंडू तोडत बसला. परीक्षेचा चकार शब्द न्हाई काढला. निस्तं आपलं, अनिता आशी आन् अनिता तशी.’