हेटीची आठ झाडं

जून महिन्यातच क्रिकेटच्या बॅटींसाठी लावलेल्या माझ्या विलोच्या झाडांची पानं तांबडी पडली, म्हणून मी झाडांचे रोग बघणाऱ्या तपासनीस बाईंना बोलावलं. त्यांनी एक फांदी कापून दाखवली. पांढऱ्या लाकडात पाणी मुरल्यासारखा काळपट डाग होता.

"याच्या बॅटी व्हायच्या नाहीत. आठही झाडं पाडून इथंच जाळा."

शेजारचा क्लेमंट करवत घेऊन मदतीला आला होता. "वाईट झालं रे! अजून तीन वर्षांत कापणीला आली असती."

"लावताना फांद्यांचे दांडे कुठून आणले होते?" बाईंनी मला विचारलं.

"यानंच दिले, आमच्या हेटीच्या बारशाला. म्हणाला, लाव, लेकीबरोबर वाढतील. मार्चमध्ये बारा वर्षं झाली."

बाई क्लेमंटकडे वळल्या. "त्याच्या आधीच्या ऑक्टोबरात तुमची झाडं मी याच रोगापायी जाळायला लावली होती ना? एक काडीसुद्धा ठेवायची नाही, असं बजावलं होतं."

क्लेमंट करवत पुसत राहिला.

बारा वर्षं दर जूनमध्ये तो कुंपण ओलांडून माझ्या झाडांची पानं निरखायला यायचा. मला वाटायचं, माझ्या पोरीच्या झाडांवर याचा केवढा जीव!