पहिले दोन शब्द

"यावर पर्याय आहेत दोन," डॉक्टर म्हणाल्या आणि कागदावर चित्र काढता काढता जरा थांबल्या.

"एक छोटा..." समोरून हलक्या आवाजात आलं.

"एक छोटा, एक मोठा," डॉक्टर म्हणून गेल्या आणि मग पेन हातात धरून बघतच राहिल्या.

"यांचं मनावर घेऊ नका हं," पेशंटशेजारी बसलेली त्यांची बायको म्हणाली. "चौतीस वर्षं नाटक कंपनीत प्रॉम्प्टर आहेत. विंगेत बसायचं आणि नट अडला की त्याला वाक्य द्यायचं. आता समोर कुणीही थांबलं की यांना राहवत नाही. परवा बँकेत मॅनेजरला पुढचं सांगत होते!"

"अख्खं वाक्य नाही देत," प्रॉम्प्टर म्हणाले. कामाचा विषय निघाला की त्यांचा कणा ताठ व्हायचा. "अख्खं दिलं की नट बावचळतो. पहिले दोन शब्द द्यायचे. उरलेलं तो स्वतः उचलतो."

डॉक्टर हसल्या. वयाने त्या मुलीएवढ्या, पण समजावून सांगायची हातोटी चांगली होती. प्रोस्टेटची ग्रंथी वाढलीय, ती लघवीची वाट आवळतेय. छोट्या उपायात कापाकापी नाही. आत बारीक क्लिपा लावायच्या आणि वाढलेला भाग दोन्ही बाजूंना ओढून धरायचा.

"पडदे बाजूला बांधतात तसं," प्रॉम्प्टर म्हणाले.

"अगदी तसं, काका. सकाळी येऊन संध्याकाळी घरी. आठवड्याभरात कामावर. पण पडदा बांधला तरी असतो तिथेच. काहींना चार-पाच वर्षांत परत यावं लागतं. मोठ्यात दुर्बिणीतून तो भाग आतून खरवडून काढायचा. बाहेरून चिरा नाही, टाके नाहीत. पण दोन-तीन दिवस इथे राहायचं, नळी लागते, थोडं रक्त जातं, नंतर महिनाभर विश्रांती. मात्र वाट चांगली मोकळी होते आणि बहुतेकांची वर्षानुवर्षं राहते." त्या पुन्हा थांबल्या. कागदावरचीच एक रेघ त्यांनी उगाच गिरवली. "आणि मोठ्या ऑपरेशननंतर, म्हणजे, पती-पत्नीच्या संबंधांत..."

"वीर्य उलटं..." प्रॉम्प्टर पुटपुटले. बाहेर बसल्या बसल्या माहितीपत्रक पाठ करून झालं होतं.

"वीर्य उलटं मूत्राशयात जातं," डॉक्टरांनी एका दमात उरकलं. "अपाय काही नाही, पण बहुतेकांना होतं. छोट्यात सहसा नाही होत."

"तो प्रश्न आता मागच्या रांगेत बसलाय," बायको म्हणाली. "तुम्ही पुढचं सांगा, बाई."

पुढचं सोपं होतं. प्रोस्टेटचा मधला भाग वर मूत्राशयात घुसला होता आणि क्लिपांना तो नीट दाद देणार नव्हता. "म्हणून माझ्या मते मोठंच करावं. पण शरीर तुमचं, निर्णय तुमचा."

"छोटं करा," प्रॉम्प्टर लगेच म्हणाले. "पुढच्या महिन्यात नवं नाटक उभं राहतंय. मी नसलो तर कसं व्हायचं?"

"अहो, पण तिथे अडीच तास बसवतं का आता?" बायको डॉक्टरांकडे वळली. "गेल्या महिन्यात ऐन दुसऱ्या अंकात उठून पळावं लागलं. नेमका तेव्हाच राजा अडला."

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग काय, पडदेवाल्याने दिलं वाक्य. लोकांना पत्ताही लागला नाही." नवऱ्याला धीर द्यावा म्हणूनच ती बोलली बिचारी.

प्रॉम्प्टरनी मांडीवरचा चष्मा उचलला, पुसला, परत मांडीवर ठेवला. लिंबाएवढ्या एका ग्रंथीने माणसाची अशी शोभा करावी ना!

"काका, छोटं करून तुम्हाला लवकरच परत इथे बसवायचं माझ्या जिवावर येतं," डॉक्टर म्हणाल्या. "महिनाभर सुट्टी घ्यायला नेमकी अडचण काय आहे?"

प्रॉम्प्टरनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. साऱ्या जगाला वाक्यं पुरवणारा माणूस, आणि स्वतःचं एक सापडेना.

बायको जरा त्यांच्याकडे कलली. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्याही अंगात ही विद्या थोडीफार मुरली होती. मान न वळवता, ओठ जेमतेम हलवून ती म्हणाली, "भीती वाटते..."

आणि गप्प बसली.

"भीती वाटते, डॉक्टर," प्रॉम्प्टर म्हणाले. आवाज कुजबुजीचा नव्हता. दाराबाहेरच्या शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानेही मान वर केली. "महिनाभर माझ्या खुर्चीत पडदेवाला बसेल. आणि नाटक अगदी सुरळीत चालेल."

बायकोने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

डॉक्टर काहीतरी सांगायला पुढे झुकल्या आणि अडल्या. तुमच्यावाचून अडेल म्हणावं, तर त्यांनी या कंपनीचं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. त्या एकदा बायकोकडे बघत होत्या, एकदा कागदावरच्या चित्राकडे.

प्रॉम्प्टर थोडा वेळ थांबले. नटाला तेवढा वेळ द्यायचा असतो. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नेहमीच्या हलक्या आवाजात म्हणाले,

"मोठ्याची तारीख..."